ट्रॅकमधली फट प्लेयरच्या माथी मारण्याआधी: गॅपलेस प्लेबॅकमधल्या या चुका टाळा

"ट्रॅक बदलताना मधे बारीकशी फट पडते, आता कोणता प्लेयर घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी फाइल मागतो. ही फट बहुतेक वेळा फाइलमध्येच बसलेली असते, आणि तिथे बसलेली फट प्लेयर बदलून जात नाही. तरीही लोक आधी नवा प्लेयर घेतात, त्यावर जुन्याच फाइल कॉपी करतात आणि मग त्यालाही नावं ठेवतात.

सुटी गाणी ऐकणाऱ्याचं यात काही बिघडत नाही. पण थेट मैफिलीचं रेकॉर्डिंग, ऑपेरा, डीजे मिक्स किंवा एका गाण्यातून दुसऱ्यात वाहत जाणारा अल्बम असेल, तर ट्रॅकची सीमा फक्त शोधायच्या सोयीसाठी आखलेली असते. संगीत तिथे थांबलेलं नसतं, म्हणून ते सलग वाजायला हवं. यालाच गॅपलेस प्लेबॅक म्हणतात. टाळ्यांचा कडकडाट मधेच क्षणभर गिळला गेला की ऐकणाऱ्याची तंद्री मोडते. २५ मिलिसेकंदांची फट कागदावर किरकोळ दिसते, पण सलग स्वरात तेवढं अंतर कानाला स्पष्ट बोचतं.

फट येते कुठून, हे न पाहताच उपाय करणं

एमपी३मध्ये आवाज १,१५२ सॅम्पलच्या (आवाजाच्या सूक्ष्म मोजमापांच्या) फ्रेममध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यांत, भरला जातो. ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल) एक फ्रेम म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंद. गाण्याची लांबी त्या पटीत बरोबर बसणं दुर्मीळ, म्हणून शेवटी शांतता भरावी लागते. सुरुवातीलाही भर पडते: लेम हा एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्राम) नेहमीच्या सेटिंगवर ५७६ सॅम्पलचा उशीर घालतो, त्यात डीकोडरचे (एमपी३ उलगडणाऱ्या भागाचे) ५२९ मिळतात. एकूण १,१०५ सॅम्पल, म्हणजे सुमारे २५ मिलिसेकंद.

लेम पुढे-मागे किती भर घातली याची नोंद फाइलच्या पहिल्याच फ्रेममध्ये करून ठेवतो. प्लेयरने ती वाचली आणि तेवढा भाग कापला, की सांधा जुळतो. ॲपलचं आयट्यून्स एएसी फॉरमॅटच्या फाइलसाठी अशीच नोंद एका टॅगमध्ये ठेवतं. ऑग व्हॉर्बिस आणि ओपसमध्ये ही सोय फॉरमॅटच्या रचनेतच आहे. फ्लॅक या आवाजातलं काहीच न गमावणाऱ्या फॉरमॅटमध्ये अशी भर घालावीच लागत नाही, सॅम्पलची संख्या जशीच्या तशी राहते.

म्हणजे तीन गोष्टी जमून याव्या लागतात: नोंद झालेली असणं, ती नंतर कुणी पुसलेली नसणं, आणि प्लेयरला ती वाचता येणं. यातली कोणती कडी तुटली आहे हे शोधण्याआधी सेटिंगमधली दिसेल ती बटणं दाबत सुटणं हा निव्वळ वेळेचा नाश आहे.

एमपी३चं फ्लॅक करणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते.

एका स्नेह्यांकडे मैफिलीचं दुहेरी सीडीचं रेकॉर्डिंग होतं. फोनवर फट, खास संगीतासाठी घेतलेल्या प्लेयरवरही फट, आणि दोन्हीकडे अगदी त्याच जागी. त्यांचं म्हणणं ठाम होतं: फाइल फ्लॅक आहेत, त्यामुळे दोष फाइलचा असूच शकत नाही. ते तिसरा प्लेयर घ्यायच्या बेतात होते. पण दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच जागी एकसारखी अडखळत असतील, तर संशय यंत्रावर घ्यायचाच नसतो.

मी त्यांचा एक ट्रॅक ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडला आणि सुरुवात मोठी करून पाहिली. जिथे टाळ्या चालू असायला हव्यात तिथे जवळजवळ सपाट रेघ. लांबी मोजली, १,१०५ सॅम्पल. पुढचा ट्रॅक, तेच. स्पेक्ट्रोग्राम (किती उंच सूर आहेत ते दाखवणारं चित्र) पाहिला तर १६ किलोहर्ट्झच्या वर काहीच नाही, एमपी३ करताना वरचे सूर कापले जातात तसंच. फ्लॅकच्या वेष्टनात एमपी३ होतं. हळूहळू उलगडा झाला: बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी सीडी एमपी३मध्ये रिप केल्या होत्या (म्हणजे त्यावरचं संगीत फाइलमध्ये उतरवलं होतं), पुढे "दर्जा वाढावा" म्हणून कुठल्याशा कन्व्हर्टरने सगळा संग्रह फ्लॅक केला, आणि जागा अडते म्हणून एमपी३ पुसून टाकले. त्या कन्व्हर्टरने लेमची नोंद वाचलीच नव्हती. शांततेसकट आवाज उलगडला आणि तो फ्लॅकमध्ये कायमचा गोठवला. आता ती शांतता संगीताचाच भाग झाली होती आणि जगातला कोणताही प्लेयर ती ओळखू शकत नव्हता.

सुदैवाने सीडी कपाटात होत्या. पुन्हा रिप केल्या, आणि दोन्ही प्लेयरवर टाळ्या सलग वाजल्या.

एमपी३चं फ्लॅक केल्याने दर्जा तसूभरही वाढत नाही. जे एकदा गेलं ते गेलं. बदल करणं भागच असेल, तर नोंद पाळणारं साधन वापरा. फूबार२००० हा संगणकावरचा प्लेयर ती पाळतो, लेमचा स्वतःचा डीकोडरही पाळतो. आणि मूळ फाइल पुसू नका. मी मूळ रिप एका वेगळ्या डिस्कवर ठेवतो आणि प्लेयरवर जाणारी प्रत नेहमी त्यावरूनच बनवतो. प्रतीवरून प्रत कधीच नाही.

मूळ हातात नसेलच, तर हाताने कापावं लागतं. सुरुवातीचे १,१०५ सॅम्पल काढा. काही डीकोडर नोंदीची फ्रेमसुद्धा आवाज समजून वाजवतात, तेव्हा हा आकडा २,२५७ होतो. शेवटाला लाटेचा आकार जिथे विरतो तिथे पाहा. इथे एक खूण उपयोगी पडते: सीडीवर सेकंदाचे ७५ भाग असतात आणि एकेक भाग ५८८ सॅम्पलचा, म्हणून ट्रॅकची मूळ लांबी ५८८च्या पटीत असते. डोळ्यांनी अंदाज घ्या आणि जवळची पट धरा. काम कंटाळवाणं आहे, पण एखादा दुर्मीळ अल्बम वाचवण्यासाठी मी ते आनंदाने करतो.

क्रॉसफेडला गॅपलेस समजणं

"सेटिंगमध्ये दोन सेकंदांचा क्रॉसफेड टाका, फट जाते." हा सल्ला नवख्यांमध्ये फार फिरतो. ताबडतोब परिणाम दिसतो म्हणून तो पटतोही. पण क्रॉसफेड एका ट्रॅकचा शेवट हळू करत त्यावर पुढच्याची सुरुवात चढवतो. सलग संगीतात त्या दोन सेकंदांत ताल दुहेरी ऐकू येतो, शेवटचे शब्द पहिल्या शब्दांवर आदळतात आणि अल्बम प्रत्येक सांध्यापाशी दोन सेकंदांनी आखूड होतो. फट झाकण्यासाठी संगीत कापायचं, याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. पार्टीत सुटी गाणी वाजवायला क्रॉसफेड ठीक आहे. अल्बम ऐकताना तो बंदच हवा.

शांतता आपोआप वगळणारी सेटिंग तर त्याहून घातक. संगीतकाराने मुद्दाम ठेवलेला विरामही ती खाऊन टाकते.

रिप करताना घाई

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडी रिप करायच्या प्रोग्राममध्ये दोन ट्रॅकच्या मधल्या भागाचं काय करायचं याचे पर्याय असतात. मूळ सेटिंगप्रमाणे तो भाग आधीच्या ट्रॅकला जोडला जातो. तो वगळण्याचाही पर्याय आहे, आणि "गॅप" हा शब्द दिसताच लोक तोच निवडतात. थेट रेकॉर्डिंगमध्ये त्या भागात टाळ्या असतात, गायकाचं बोलणं असतं. ते सगळं कायमचं जातं आणि सांध्यावर उडी ऐकू येते. ट्रॅकच्या सुरुवाती-शेवटाची शांतता काढणारा पर्यायही बंद ठेवा. मूळ सेटिंगला हात लावू नका, एवढं केलं तरी पुरे.

थोडक्यात आटपणाऱ्या चुका

रिप्लेगेन (गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय) ट्रॅकनुसार ठेवला तर सांधा जुळूनही आवाज अचानक वर-खाली होतो. सलग अल्बमला तो अल्बमनुसारच लावा.

४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झच्या फाइल एका यादीत मिसळू नका. अनेक प्लेयरवर दर बदलताना क्षणभर आवाज तुटतो.

फाइलच्या नावात १, २, १० असं लिहिलं की काही प्लेयर १नंतर १० वाजवतात. ०१, ०२ लिहा.

एमपी३ कापणारी आणि "दुरुस्त" करणारी फुकट साधनं पहिली फ्रेम नव्याने लिहून नोंद पुसू शकतात. प्रतीवर करून बघा, मुळावर नाही.

शफल चालू ठेवून गॅपलेसची तक्रार करू नका. प्लेयरमध्ये गॅपलेसचा स्वतंत्र पर्याय आहे का, तेही आधी बघा. पुष्कळदा तो बंदच असतो.

प्लेयरवर शेरा मारण्याआधीची चाचणी

ऑडॅसिटीत एक लांब, एकसुरी स्वर तयार करा, मधोमध तोडून दोन फ्लॅक फाइल करा आणि प्लेयरवर लागोपाठ वाजवा. स्वर तुटला तर दोष प्लेयरचा, यात वाद नाही. तुटला नाही तर त्याच तुकड्यांचे लेमने एमपी३ करून ऐका. आता खड्डा पडला तर प्लेयर नोंद वाचत नाही. इथे घाई नको: खड्डा नसूनही अगदी बारीक टिक्‌ ऐकू येऊ शकते, कारण दोन्ही तुकडे वेगवेगळे एन्कोड झालेले असतात आणि शुद्ध स्वरात सांध्यावरचा जरासा फरकही उघडा पडतो. खऱ्या संगीतात ती बहुधा जाणवत नाही. जाणवलीच, तर लेमचा नोगॅप पर्याय वापरून अख्खा अल्बम एकत्र एन्कोड करा.

प्लेयर खरोखरच दोषी निघाला, तर आधी फर्मवेअर, म्हणजे प्लेयरमधलं मूळ सॉफ्टवेअर, बघा. पाचव्या पिढीच्या आयपॉडला गॅपलेसची सोय सप्टेंबर २००६मध्ये, आयट्यून्स ७सोबत, अशा अपडेटनेच मिळाली. त्याआधीच्या चार पिढ्यांना कंपनीकडून ती आलीच नाही, मात्र रॉकबॉक्स हे मुक्त फर्मवेअर अनेक जुन्या प्लेयरवर चालतं आणि गॅपलेस नीट वाजवतं. तुमच्या मॉडेलला तेही चालत नसेल, तर सलग अल्बमची एकच लांब फाइल करा. गाणं शोधायला जरा त्रास होतो, क्यू फाइल (लांब फाइलमध्ये कोणतं गाणं कुठे सुरू होतं याची यादी) वाचणारा प्लेयर असेल तर तोही होत नाही.