प्लाझ्मॉनिक रचनांमधील प्रकाशीय बल काढताना या चुका टाळा

सोन्याचांदीच्या प्लाझ्मॉनिक नॅनोरचनांवर, म्हणजे ज्यांतले इलेक्ट्रॉन प्रकाशाने एकत्र डोलतात अशा रचनांवर, प्रकाशाने किती बल लागते, हे सिम्युलेशनने काढणाऱ्या नवख्यांचे आलेख मी बरीच वर्षे तपासत आलो आहे आणि त्यांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा सापडतात. सर्वांत महाग पडणारी चूक मॅक्सवेलच्या ताण-टेन्सरच्या (विद्युत-चुंबकीय क्षेत्रावरून बल काढण्याच्या राशीच्या) पेटीची आहे, आणि ती मी स्वतः केलेली असल्यामुळे तिच्याबद्दल अधिकाराने लिहू शकतो.

पाण्यात ठेवलेले सोन्याचे दोन समान गोल, मधली फट २ नॅनोमीटर, प्रकाश दोन्ही गोलांना जोडणाऱ्या अक्षाला लंब दिशेने येणारा आणि त्याचे ध्रुवीकरण अक्षाच्या दिशेने, अशी माझी मांडणी होती. एका गोलाभोवती काल्पनिक पेटी आखून तिच्या पृष्ठांवर टेन्सरचे समाकलन केले, तेव्हा एका अरुंद पट्ट्यात आकर्षणाचे अपकर्षण झालेले दिसले. मी हरखून गेलो आणि फानो अनुनादाचे (रुंद आणि अरुंद अनुनादांच्या व्यतिकरणाचे) स्पष्टीकरण लिहिण्यात तीन आठवडे घालवले. त्यासाठी लागणारा, समान गोलांच्या जोडीत विरुद्ध दिशांनी डोलणाऱ्या द्विध्रुवांचा अंधारा मोड (प्रकाशाशी थेट न जुळणारे दोलन) अशा प्रकाशाने सममितीमुळे उत्तेजितच होत नाही, ही प्राथमिक गोष्ट त्या उत्साहात माझ्या ध्यानातही आली नाही. शेवटी एका सहकाऱ्याने पेटीचे पृष्ठ सिम्युलेशनच्या जाळीच्या एका घराइतके सरकवायला सांगितले आणि बलाचे चिन्हच बदलले. जाळी १ नॅनोमीटरची असल्याने फटीत जेमतेम दोन घरे बसत होती. जाळीच्या चौकोनी घरांमुळे गोलाच्या वक्र पृष्ठभागाला आलेल्या पायऱ्यांवर क्षेत्र खोटेच उसळत होते आणि पेटी नेमकी त्या पायऱ्यांना घासून जात होती. फटीपुरती जाळी ०.२५ नॅनोमीटरची केल्यावर अपकर्षण नाहीसे झाले आणि त्याबरोबर माझा शोधही.

तेव्हापासून पेटीचे तीन निरनिराळे आकार घेऊन तेच उत्तर येईपर्यंत मी आलेख काढतच नाही. पेटीचे प्रत्येक पृष्ठ सर्वत्र एकाच माध्यमात, म्हणजे इथे पाण्यात, असले पाहिजे आणि ते धातूला कुठेही छेदता कामा नये. वरच्यासारख्या सममित मांडणीत दोन्ही गोलांवरील अक्षीय बलांची बेरीज शून्य यायला हवी. ती येत नसेल तर जी येते ती तुमची चूक आहे, निसर्गाचा चमत्कार नव्हे. ही तपासणी दहा मिनिटांची असते, तरी ‘वेळ नाही’ म्हणून ती टाळणारे पुढे महिना घालवतात.

दुसरी आवडती चूक म्हणजे कण पकडून ठेवणाऱ्या लेसरची तरंगलांबी थेट विलोपनाच्या (शोषण आणि विकिरण मिळून होणाऱ्या घटीच्या) शिखरावर ठेवणे. पाण्यातल्या लहान सुवर्णगोलाचे हे शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि ‘अनुनाद तिथे, म्हणून बलही तिथे’ असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात कण प्रकाशाच्या तीव्र भागाकडे ओढला जातो तो ध्रुवीकरणक्षमतेच्या (क्षेत्रामुळे कणात किती द्विध्रुव तयार होतो त्या मापाच्या) वास्तव भागामुळे. आदर्श अनुनादात हा भाग शिखरावर शून्यातून जातो आणि निळ्या बाजूला ऋण होऊन कणाला बाहेर ढकलतो. शोषण मात्र शिखरावर भरपूर असते. ४० नॅनोमीटर त्रिज्येच्या गोलाने १० मायक्रोवॅट शोषले, तरी पाण्यात त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३३ अंशांनी वाढते; म्हणजे ज्याला पकडायचे तो कण आपण शेकत बसतो. स्वोबोडा आणि ब्लॉक यांनी १९९४ मध्ये ३६ नॅनोमीटर व्यासाचे सुवर्णकण पकडले, तेही शिखरापासून दूर, अवरक्त प्रकाशात. मी लेसर नेहमी तांबड्या बाजूला बराच सरकवून सुरुवात करतो, मग बल थोडे कमी भरले तरी चालते. धातूचा अँटेना स्थिर असून त्याच्या फटीत प्लास्टिकचा मणी धरायचा असेल, तर गणित वेगळे होते: तिथे बल निकटक्षेत्राच्या (धातूला लगटून असलेल्या क्षेत्राच्या) तीव्रतेमागे जाते आणि निकटक्षेत्राचे शिखर दूरक्षेत्राच्या, म्हणजे दूरवरून मोजलेल्या, शिखरापेक्षा किंचित तांबडे असते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. स्रोताचे क्षेत्र १ व्होल्ट प्रति मीटर ठेवून आलेले बल तसेच छापू नका. बल क्षेत्राच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ते खऱ्या तीव्रतेला मोजून घ्या. क्षेत्राच्या काळ-अवलंबनाचे चिन्ह (घातांकातले + किंवा −) उलटे धरले तर पर्मिटिव्हिटीच्या (पदार्थाच्या विद्युत प्रतिसादाच्या) काल्पनिक भागाचे चिन्ह उलटते आणि सोने प्रकाश शोषण्याऐवजी वाढवू लागते. शोषण ऋण दिसले की आधी तिथेच पाहावे. निव्वळ द्रूद प्रारूपाने (फक्त मुक्त इलेक्ट्रॉन धरणाऱ्या) सोन्याचे दृश्य प्रकाशातले वर्तन मांडणे हा आळस आहे, कारण आंतरपट्ट संक्रमणे (इलेक्ट्रॉनांच्या एका ऊर्जापट्ट्यातून दुसऱ्यात उड्या) त्यात येतच नाहीत. सोन्याच्या प्रकाशीय स्थिरांकांची जॉन्सन आणि क्रिस्टी यांची १९७२ ची मोजमापे वापरावीत. सोने काचेला धरून राहावे म्हणून घातलेला क्रोमियमचा किंवा टायटेनियमचा पातळ थर सिम्युलेशनमधून गाळला, तर अनुनाद खऱ्यापेक्षा टोकदार येतो आणि मग प्रयोगवाल्यांवर विनाकारण खापर फुटते.