जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी: बस, झोन आणि तिकिटे

एसटी वेगळी, महापालिकेची बस वेगळी आणि लोकलचे तिकीट त्याहून वेगळे, हे अंगवळणी पडलेला मराठी माणूस जर्मनीत आल्यावरही थांब्यावर पहिल्यांदा हेच विचारतो, की ही बस कोणाची? तो प्रश्न इथे सोडून द्यावा. शहर आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या बस, ट्राम, भुयारी रेल्वे व उपनगरी गाड्या अनेक कंपन्या चालवत असल्या, तरी त्यांचे भाडे ठरवणारी आणि वेळापत्रके जुळवणारी संस्था सहसा एकच असते. तिला 'फेरकेअर्सफेरबुंट' म्हणतात, आणि हॅम्बुर्गमध्ये १९६५ साली स्थापन झालेली अशी संस्था जगातली पहिली मानली जाते. प्रवाशाने पैसे एकदाच द्यायचे. त्यांची वाटणी कंपन्या आपापसांत करतात.

विचारायचे ते झोनबद्दल आणि तिकिटाच्या मुदतीबद्दल. बर्लिनमध्ये ए, बी आणि सी असे तीन झोन असून विमानतळ सी झोनमध्ये येतो, त्यामुळे केवळ एबीचे तिकीट घेऊन तिकडे निघालेला माणूस शेवटच्या टप्प्यात विनातिकीट ठरतो. तिथले एबीचे एकेरी तिकीट २ तास चालते. त्या वेळात गाड्या कितीही बदलाव्यात, पण त्याच तिकिटावर परत फिरता येत नाही.

कंडक्टर नसतो आणि बहुतेक ठिकाणी स्थानकावर फाटकेही नसतात, म्हणून छापील तिकिटावर शिक्का मारण्याची जबाबदारी पुष्कळदा आपलीच असते. पहिल्याच महिन्यात माझ्या खिशात विकत घेतलेले, पण शिक्का न मारलेले तिकीट होते. साध्या वेशातल्या तपासनिसाने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि तितक्याच शांतपणे ६० युरोंची पावती फाडली.

रोजचा प्रवास असेल तर 'डॉइचलांडटिकेट' घ्यावे. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेला हा मासिक पास जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंचा झाला आहे, तरी देशभरातल्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांत तो चालत असल्याने झोनचा हिशेबच उरत नाही. आयसीई, आयसी यांसारख्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत मात्र तो चालत नाही. तो नावावर असतो, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावे. आणि बंद करायचा असल्यास त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावे, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. अनेक विद्यापीठांत तो सत्रशुल्कातच मिळतो आणि काही कंपन्या त्यासाठी सवलत देतात, तेव्हा विकत घेण्याआधी चौकशी करावी. आई-वडील थोड्या दिवसांसाठी आले, तर त्यांच्यासाठी दिवसाचे किंवा गटाचे तिकीट पुरते.

घर खेडेगावात घेणाऱ्यांनी भाडेकरार करण्यापूर्वी थांब्यावरचे वेळापत्रक तळटिपांसकट वाचावे. काही फेऱ्या फक्त शाळेच्या दिवशी असतात आणि सुट्टी लागली की त्या बंद होतात. काही ठिकाणी तर फोन किंवा ॲपवरून आधी नोंद केली, तरच बस येते.