कपाट लावायचंय? आधी बुटांची खोकी जमवा

विकतचे ऑर्गनायझर आणण्याआधी घरातली बुटांची रिकामी खोकी शोधा. झाकणं काढून ती फळीवर शेजारी शेजारी ठेवली की झाले कप्पे: एकात मोजे, एकात रुमाल, एकात ब्लाउज. टी-शर्टच्या घड्या खोक्यात उभ्या लावा, म्हणजे एक ओढताना थप्पी ढासळत नाही.

खरी काळजी रेशमी साड्यांची. त्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. पावसाळ्यात आत दमटपणा धरतो आणि डाग पडतात. जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या तुकड्यात गुंडाळा. दर ३-४ महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जरीचा पदर घडीवरच चिरतो, आणि पैठणी चिरलेली बघवत नाही. डांबरगोळ्या जरीला लागू न देता पुरचुंडी बांधून कोपऱ्यात ठेवा.