आधी वर्षभर स्वतः जेवा: कोकणात शेत आणि आहार-निवास सुरू करण्याआधीची तयारी

आहार-निवास म्हणजे आपल्या शेतात पिकलेलं ताजं, वेळेवरचं जेवण देऊन पाहुण्यांना काही दिवस राहायला ठेवणं. त्यासाठी जागा बघायला मे महिन्यात जा. दिवाळीच्या सुमारास कोकण कुणालाही भुलवतं. वहाळ वाहत असतो, बांध हिरवे असतात, विहिरीत वाकून हात घातला तर पाणी लागेल असं वाटतं. आम्ही नेमके नोव्हेंबरात गेलो, काठोकाठ भरलेली विहीर बघितली आणि व्यवहार पक्का केला. पुढच्या मे महिन्यात त्याच विहिरीच्या तळाला दीड हात पाणी होतं, आणि सकाळी चार कळश्या काढल्या की तेही गढूळ व्हायचं. तेव्हा १५ मेनंतर जागेवर उभे राहा, दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा, पंप लावून उपसा आणि तेवढंच पाणी पुन्हा भरायला किती तास लागतात ते घड्याळ लावून बघा. मग शेजारच्या वाडीत जाऊन बायकांना विचारा की उन्हाळ्यात पाणी कुठून आणता. ज्यांच्या डोक्यावर हंडा असतो त्यांच्याइतकी खरी माहिती दुसरं कुणी देत नाही.

पाण्याचा हिशेब कागदावर मांडा. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात आणि शहरातून येणारा पाहुणा तेवढं वापरतोच. दहा माणसं म्हणजे रोज साडेतेराशे लिटर, म्हणजे एप्रिल-मेच्या ६१ दिवसांत ब्याऐंशी हजार लिटरच्या वर. यात गाईचं, परसाचं आणि रोपांचं पाणी धरलेलं नाही. रत्नागिरीकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. १०० चौरस मीटरच्या कौलांवर पडणारं पाणीच तीन लाख लिटरच्या घरात जातं, तरी वैशाखात टँकर लागतो, कारण जांभ्या खडकातून पाणी झिरपून उताराने निघून जातं. म्हणून पन्हळी आणि टाकी खोल्यांच्या आधी बांधा. पावसाळा संपता संपता, वहाळाला धार असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घाला. वाडीतली दहा माणसं आली तर एका दिवसाचं काम आहे. आमच्या विहिरीचं पाणी त्यानेच तीन आठवडे लांबलं. न्हाणीघराचं आणि मोरीचं पाणी केळी, अळू, कर्दळीकडे वळवा. पिण्याचं पाणी आणि माती दोन्ही तपासून घ्या आणि अहवाल फाईलला लावून ठेवा.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण ते पुढे ढकलू नका. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं नेहमीचं. निम्मी माणसं मुंबईत, काही वारलेली, त्यांच्या वारस नोंदी राहिलेल्या. सामाईक जमिनीत एक जण जरी सही द्यायला तयार नसला तरी पुढचं सगळं अडतं. 'इतर हक्क' हा रकाना शब्दन् शब्द वाचा: कूळ, बोजा, खाजगी वन, काय काय लिहिलंय ते. भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. शेतजमीन विकत घ्यायची तर आपण शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. तो नसेल तर इसार देण्याआधी वकिलाकडे जा. सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या आणि गाडीरस्ता नकाशावर आहे की नुसता वहिवाटीचा आहे ते बघा. पाहुणे ठेवायचे तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. स्वयंपाकघरासाठी अन्न परवान्याची नोंदणी वेगळी. ग्रामपंचायतीत मात्र कागद घेऊन जाण्याच्या आधी एकदा नुसतं बसायला जा.

शेजार बघा. मी जमिनीच्या भावाआधी हेच बघायला सांगते. वरच्या अंगाला हापूसची कलमं असतील तर मोहोर येण्याच्या सुमारापासून फळ तयार होईपर्यंत तिथे फवारण्या होत राहतात, आणि वारा तुमच्या परसाकडे वाहतो. बागायतदाराला दोष देऊन उपयोग नाही, त्याचं वर्षाचं पोट त्या मोहोरावर आहे. त्याच्याशी आधी बोला, फवारणीच्या दिवशी त्याने एक निरोप द्यावा एवढं मागा, आणि हद्दीवर करवंद, अडुळसा, बांबू यांची दाट वई, म्हणजे जिवंत कुंपण, लावा. सेंद्रिय म्हणून विकायचं असेल तर वार्षिक पिकांना दोन वर्षं आणि फळझाडांना तीन वर्षं रूपांतराचा काळ धरतात. किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून पीजीएस पद्धतीने, म्हणजे गटातल्यांनीच एकमेकांची शेतं तपासून, प्रमाणपत्र घेता येतं. ते लहान शेतकऱ्याला परवडतं, आणि त्या निमित्ताने वाडीतली आणखी चार घरं बरोबर येतात.

आता माझ्या यादीतलं सगळ्यात मोठं काम. पाहुणा बोलावण्याआधी एक पूर्ण वर्ष, मृग ते मृग, तुमच्या घराने याच जमिनीत पिकलेलं जेवायचं. मीठ, तेल, साखर असल्या चार गोष्टी सोडल्या तर बाजारातून काही आणायचं नाही, आणि आणलंच तर वहीत लिहायचं. त्या वहीतून कळतं की आपण लोकांना काय खाऊ घालू शकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. दहा माणसांना रोज चार किलो भाजी! धान्यापैकी दीडशे ग्रॅम तांदूळ धरला तर दहा माणसांच्या शंभर दिवसांना दीडशे किलो तांदूळ, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलो भात. गावठी वाण गुंठ्याला वीस-पंचवीस किलो देतं, तेव्हा दहा-बारा गुंठे मळे फक्त पाहुण्यांच्या भातासाठी लागतील. ही आकडेमोड मी दुसऱ्या वर्षी केली. पहिल्या वर्षी केली असती तर फुलांच्या ताटव्यात गेलेले पैसे मळ्यांच्या बांधांना लागले असते.

वर्ष लावून घ्या. रोहिणीत भाताची धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरा, नाहीतर मृगात तरवा (रोपं), जुलैत लावणी. वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनीवर नाचणी आणि वरी. मांडवावर पडवळ, दोडकी, काकडी. भात कापलं की मळ्यात अंगओलीवर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर, कुळीथ, पावटा, चवळी. थंडीत सुरण, करांदे, कणगर काढायचे आणि लाल माठ, मुळा, वांगी, मिरची लावायची. उन्हाळा बेगमीचा: आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कुळथाचं पीठ, फणसपोळी, आणि मातीत पुरून ठेवलेल्या आठळ्या (फणसाच्या बिया), ज्या पावसात भाजीला येतात. रातांबे (कोकमाची फळं) उशिरा पिकतात, आमसुलं वाळायला चांगली चार-पाच उन्हं लागतात, आणि वळवाची एक सर सगळ्यावर बुरशी आणते. त्यासाठी पत्र्याची एक वाळवणाची शेड यादीत घाला. पाहुण्यांना ती दिसणारही नाही, तरी वर्षभराच्या ताटाची चव त्या शेडीत ठरते.

बियाणं जूनमध्ये दुकानातून आणायचं ठरवू नका. आदल्या थंडीतच गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे फिरा, त्यांच्याकडे गाडग्यात राखेत ठेवलेलं दोडक्याचं, चिबडाचं बी असतं. १९४६ साली गांधीजींनी उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि मणिभाई देसाईंनी तो सांभाळला. त्याच मणिभाईंनी १९६७ साली शेती आणि पशुपालनात काम करणारी बाएफ ही संस्था उभी केली. पुढे याच संस्थेच्या साथीने अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांची गावरान बियाण्यांची बँक उभी राहिली. आजाऱ्याच्या ताटाचं काम आणि बियाण्याचं काम एकाच अंगणातून निघालं, याचं मला फार अप्रूप वाटतं. जमलं तर कोंभाळणं बघून या आणि उरुळीला आठवडाभर स्वतः उपचार घेऊन राहा. पाहुणा म्हणून भूक कशी लागते, दुपारी तीन वाजता मन कशावर जातं, हे स्वतःच्या अंगावर कळलं पाहिजे.

स्वयंपाकाला गावातलीच बाई हवी, आणि तिला पगार शहरातल्या आचाऱ्यासारखा महिन्याच्या महिन्याला द्या. आमच्याकडे शेजारवाडीतल्या काकी आहेत. नाचणीचं सत्त्व मी पुस्तकी पद्धतीने करायचे, भिजवण्याचे तास मोजून. काकींनी फडक्याची पुरचुंडी सोडली, मोड आलेले दोन दाणे तळहातावर घेतले, नखाने मोड बाजूला केला आणि म्हणाल्या, "वैनी, दाण्याएवढा मोड झाला की थांबायचा. लांबला की कडवट येतो." मग सावलीत वाळवणं, लोखंडी कढईत मंद भाजणं, हाताला चटका बसेल इतकं गरम असतानाच जात्याशी बसणं. तेव्हापासून आमचं सत्त्व कडवट झालेलं नाही. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे मी पाहुण्यांना सांगते, पण ते पेज पिऊन वाडगं पुढे करतात ते काकींच्या भाजण्यामुळे. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, मऊभात आणि मेतकूट, मुगाचं कढण, टाकळ्याची भाजी, सोलकढी, ताक: एवढे पदार्थ रोज सारखेच आणि वेळेवर उतरले पाहिजेत. तीस पदार्थांची यादी करू नका. रानभाज्या ओळखणारं माणूस बरोबर असल्याशिवाय रानात हात घालू नका, आणि दुधी चिरताना एक फोड चाखून बघायची सवय लावा. कडू निघाला तर अख्खा फेकायचा, कडू दुधीने माणसं गंभीर आजारी पडली आहेत.

अन्नाने माणूस सावरतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, नाहीतर मी इथे आलेच नसते. आठ दिवस वेळेवर, ताजं, बेताचं जेवण, रात्री लवकर झोप आणि हातात खुरपं, एवढ्याने पोट आणि झोप दोन्ही जाग्यावर येताना मी बघितली आहेत. पण फलकावर 'मधुमेह बरा होतो' असं लिहायचं नाही. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यात मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा आजारांवर इलाजाच्या जाहिराती करायला मनाई आहे, आणि कायदा नसता तरी असा शब्द आजारी माणसाला देऊ नये. येणाऱ्याकडून आधी लेखी घ्या: आजार, चालू औषधं, ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन. आमच्याकडे एक काका आले होते. इन्शुलिन घेतात हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. त्या दिवशी एकादशी म्हणून त्यांनी सकाळची पेज परत पाठवली. अकराच्या सुमाराला ते पडवीच्या खांबाला धरून उभे होते, कपाळ घामाने डबडबलेलं, आणि विचारलं त्याचं उत्तर अडखळत. रक्तातली साखर ५४ निघाली, म्हणजे फारच कमी. गुळाचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, तोवर माझे हात थरथरत होते. आता साखरेचं यंत्र, रक्तदाबाचं यंत्र आणि ग्लुकोजचा डबा माजघरातच असतो, आणि गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू देत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर शहाळं आणि पालेभाज्या सरसकट द्यायच्या नाहीत. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवायची नाही. तालुक्यातल्या एखाद्या डॉक्टरांशी आणि आहारतज्ज्ञांशी आधीच बोलणं करून ठेवा, महिन्यातून एकदा आहारतज्ज्ञ येऊन ताटं बघून जातील असं.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा स्वतः जाऊन या. सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का, गाडीने किती मिनिटं लागतात, हे विचारा आणि १०८ च्या खाली लिहून भिंतीला लावा. जांभ्याच्या गडग्यात फुरसं, हा विषारी साप, असतंच. पाहुण्यांना विजेरी आणि बूट द्या, दगड उचलायला लावू नका. चिखलात लावणीला उतरवायचं तर पायाला जखम नाही ना ते बघा, लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पाण्या-चिखलात पसरणाऱ्या तापाची) भीती असते.

खोल्यांबद्दल थोडंच: चार पुरेत. मातीच्या विटा किंवा चिरे, मंगलोरी कौलं, मच्छरदाणी, कोरडी गादी आणि स्वच्छ संडास. पावसाळ्यात गाद्यांना वास येतो, तेव्हा सप्टेंबर संपेपर्यंत पाहुणे घेऊच नका. तो वेळ शेताला द्या. गाय एक-दोनच, कोकण कपिला बघा. दूध थोडं देते, पण डोंगरात चरून राहते आणि शेणखत घरचं होतं. गोबरगॅस करायचा तर एका घनमीटरला रोज २५ किलो शेण लागतं, तेवढी गुरं नसतील तर खड्डा खणू नका.

पैशांत पहिली दोन वर्षं पाहुण्यांचं उत्पन्न शून्य धरा. घरातलं एक माणूस तरी नोकरीत राहू दे.

पहिली चाचणी मार्गशीर्षात ठेवा. नवा तांदूळ घरात असतो, विहीर भरलेली असते, हवा चांगली असते. ओळखीतलीच चार माणसं, तीन दिवस, पैसे न घेता. त्यात एक साठीच्या पुढचं, एक पथ्यावरचं आणि एक मूल असू दे. पेज किती वाजता दिली, ताटात काय उरलं, रात्री कोण उठलं, पाणी किती लिटर गेलं, काकींचा पाय संध्याकाळी दुखला का, सगळं त्याच वहीत लिहा. मग हीच माणसं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा बोलवा. त्या खेपेला टाकीत पाणी पुरलं आणि परसात दहा माणसांची भाजी निघाली, तर पुढच्या दिवाळीनंतरच्या तारखा लोकांना कळवा.