हॉकीच्या जिवावर नोकरी: बेळगाव भागातल्या पोरांसाठी

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सोनं जिंकलेल्या संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते. लेले मैदानावर आमचे सर हे नाव रोज एकदा तरी घ्यायचे. मी तिथवर पोचलो नाही. ज्युनिअर नॅशनलला एकदा कर्नाटकाकडून आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत दोनदा विद्यापीठाकडून खेळलो, आणि आज हुबळीला रेल्वेत आहे. गाव येळ्ळूर. गावातली पोरं घरी येऊन विचारतात, "दादा, पुढं काय करायचं?" त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय. इंडिया कॅम्पपर्यंत, म्हणजे देशाच्या संघाच्या शिबिरापर्यंत न पोचणाऱ्या, पण खेळ मनापासून आवडणाऱ्या पोरासाठी हे आहे.

आधी वयाचा हिशोब मांड. रेल्वेच्या खेळाडू भरतीला वय १८ ते २५ लागतं आणि त्यात कुणालाच सवलत नाही. केंद्राच्या इतर खात्यांत खेळाडूंना ५ वर्षांची सवलत मिळते, पण तिथं हॉकीच्या जागा कधी निघतील याचा भरवसा धरून बसता येत नाही. म्हणजे बारावीनंतर तुझ्या हातात सात-आठ हंगाम. त्यातला एक गुडघ्यात जातो, एक परीक्षेत.

रेल्वेत १०० गुणांपैकी मैदानावरच्या चाचणीला ४०, खेळातल्या कामगिरीला ५० आणि शिक्षणाला १०. चाचणीत ४० पैकी २५ मिळाले नाहीत तर पुढचं कुणी बघत नाही. पण नीट बघ, कामगिरीचे गुण चाचणीपेक्षा जास्त आहेत. जाहिरातीत एक तारीख दिलेली असते, त्याआधीचं काही धरत नाहीत. जत्रेतला कप या कामगिरीत धरत नाहीत, म्हणून गावोगावच्या जत्रेतल्या सेव्हन-अ-साइड (सात-सात जणांच्या) स्पर्धांत कप जिंकण्यापेक्षा राज्याच्या निवड चाचणीला जाणं महत्त्वाचं. जत्रेत खेळायचं नाही असं नव्हे. मीही खेळलो, बूट त्याच पैशातून आले. पण निवड चाचणी आणि जत्रेची फायनल एकाच दिवशी आली तर बेंगळूरची गाडी धर.

आता संघात जागा कशी मिळवायची? फॉरवर्ड सगळ्यांनाच व्हायचं असतं. तू पेनल्टी कॉर्नरचा पहिला रशर हो, म्हणजे चेंडू आत येताच गोलरेषेवरनं सगळ्यात आधी फटका मारणाऱ्यावर धावून जाणारा. बचावाला गोलकीपर धरून पाचजण गोलरेषेमागे, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. समोरून ड्रॅगफ्लिक, म्हणजे स्टिकनं ओढून जोरात फेकलेला चेंडू येणार म्हटल्यावर त्या चेंडूवर धावत जायला कुणी पटकन तयार होत नाही. मी झालो, आणि राज्याच्या संघात माझी निवड त्याच एका कामावर झाली.

पहिलं पाऊल महत्त्वाचं. चेंडू आत ढकलणाऱ्याच्या स्टिककडे बघायचं, त्याच्या डोळ्यांकडे नाही. तो डोळ्यांनी फसवतो. चेंडू हलायच्या आधी रेषा सोडलीस तर तुला मध्यरेषेपलीकडे पाठवतात आणि चौघांना बचाव करावा लागतो. धावताना अंग चेंडूच्या डाव्या बाजूला, स्टिक उजव्या हाताला जमिनीलगत. सरळ चेंडूच्या रेघेत घुसू नकोस. एक तर गुडघा जातो, आणि स्टिकनं खेळायचा प्रयत्न न करता अंगावर घेतलास तर फाऊलही तुझाच. कुठली बाजू तू झाकणार हे गोलकीपरशी आधी ठरलेलं पाहिजे. फेसमास्क आणि नी-पॅड उसने घेऊ नकोस, स्वतःचे घे. मापात नसलेला नी-पॅड तिसऱ्या पावलाला फिरतो. मी आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला चाळीस वेळा ही धाव काढायचो. राजहंसगडाची चढण दमासाठी होती, ही नोकरीसाठी.

मुरमावर शिकलेल्या पोराला टर्फवर (कृत्रिम गवतावर) पहिल्या दिवशी चेंडू सापडत नाही. मुरमावर तो उसळतो म्हणून आपण थोडं उभं राहून खेळतो. ओल्या टर्फवर तो सरपटत येतो, कंबर वाकवावीच लागते. चाचणीआधी चार दिवस तरी कुठल्यातरी टर्फवर खेळून घे.

आणि कन्नड बोल. आमच्या मैदानावर "सोड" आणि कन्नडातलं "बिडू" दोन्ही ओरडतात, पण राज्याच्या शिबिरात मराठी पोरं कोपऱ्यात आपल्यातच बसतात. तसं बसू नकोस. घरी मराठीच बोल, मुलांनाही शिकव, पण तिथं हाफला (मधल्या फळीतल्या खेळाडूला) हाक मारताना त्याला कळली पाहिजे.

कागदांचं सांगताना अजून जीव तुटतो. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव असं पूर्ण होतं. एका स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर वडलांचं नुसतं आद्याक्षर, आणि आडनावातलं एक अक्षर वेगळं. मराठीतून कन्नडात, कन्नडातून इंग्रजीत जाताना ते बदललं. तेव्हा बघितलंच नाही. पुढं पडताळणीत अडकलं, प्रतिज्ञापत्र होईपर्यंत ती भरती निघून गेली. आईनं त्या रात्री काही विचारलं नाही, नुसती आंबील पुढं ठेवली. म्हणून प्रमाणपत्र हातात पडलं की मैदान सोडायच्या आधी एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळवून बघ. चूक असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त करून घे. केंद्राच्या भरतीला राज्याकडून नॅशनल खेळल्याचा फॉर्म २, आंतरविद्यापीठ स्पर्धेचा फॉर्म ३ आणि शालेय नॅशनलचा फॉर्म ४ लागतो. फॉर्म २ वर राज्य संघटनेच्या सचिवांची सही, फॉर्म ३ वर विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांची. पदाधिकारी बदलतात, त्यामुळं सही त्याच वर्षी घे.

चाचणीला बेंगळूरला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं जाणार असशील तर एक दिवस आधीची धर. रात्रभर बसून सकाळी उतरून थेट मैदानावर गेलास तर पाय आखडलेले असतात. फाईल पिशवीत घालून उशाला घे, स्टिक भिंतीच्या बाजूला. भाकरी आणि शेंगाचटणी घरनं घेऊन जा, चाचणीच्या आदल्या दिवशी बाहेरचं तिखट नको.