परदेशात देवळं बघायला जायचंय? आधी बाह्या बघा

आमच्या लातूरहून यंदा लै जण थायलंड-कंबोडियाला जायलेत आणि जो तो विचारतो की कपडे काय घ्यायचे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मुख्य गोष्ट म्हणजे खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, बाई असो की माणूस. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये हाफ पँट, स्लीव्हलेस, आरपार दिसणारं कापड, फाटकी जीन्स काहीच चालत नाही. आता आपल्याला वाटतं वरून ओढणी घेतली की झालं, पण तिथंच फसतो. माझी भाची बिनबाह्यांचा कुर्ता घालून एका देवळाच्या दारात उभी, ओढणी नीट पिन लावून घेतलेली, तिथल्या बाईनं एक शब्द न बोलता बोटानं फक्त खांदा दाखवला. पोरीचा चेहराच उतरला हो, शेवटी बाहेरून टी-शर्ट विकत घेऊन कुर्त्यावर चढवला तेव्हा कुठं आत गेली. कंबोडियातल्या अंकोर वाटच्या देवळात सगळ्यात वर चढायचं तर तिथं पण शिवलेलीच बाही लागते. रेडिमेड कुर्त्याच्या आत बाह्यांचं कापड टाचून दिलेलं असतं बघा, ते काढून टाकू नका, निघायच्या आधी टेलरकडून लावून घ्या.

आणि हे जाचक वाटून घेऊ नका. वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषमंडळी शर्ट-बनियन काढून जातात, तो तिथला नियम, हा यांचा.

कापड सुतीच घ्या, सैल. आपलं मे महिन्याचं ऊन कोरडं असतं, तिकडं हवा दमट, घाम वाळतच नाही, जीन्स तर अंगाला चिकटून बसते. माणसांनी पातळ कॉटनची फुल पँट घ्यावी. आईला साडीच पाहिजे होती, पण अंकोरचा तो जिना एवढा खडा आहे की मी म्हणले सलवार घाल, आणि वर पोचल्यावर तिनंच कबूल केलं.

बालीत पँट असली तरी बऱ्याच देवळांत कमरेला सारोंग, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळायचं कापड, आणि वरून कापडी पट्टा बांधावा लागतो, तो दारातच मिळतो. श्रीलंकेत कँडीला दंतमंदिरात, म्हणजे बुद्धाचा दात ठेवलेल्या देवळात, जायचं तर पांढरे कपडे घ्या, तिथले लोक तसेच येतात. हातावर बुद्धाचा टॅटू असेल तर श्रीलंकेत तो झाकूनच ठेवा, आणि मूर्तीकडं पाठ करून सेल्फी अजिबात नको. काठमांडूला पशुपतिनाथाला चामड्याचा पट्टा चालत नाही, तो हॉटेलवरच ठेवा.

चप्पल झटकन निघणारी पाहिजे, लेसचे बूट दिवसातून दहादा सोडत बसाल. म्यानमारच्या पॅगोड्यात मोजे पण काढावे लागतात, दुपारी फरशी पाय भाजते म्हणून सकाळीच जा. जपानमध्ये उलट, लाकडी फरशीवर मोज्यांनीच फिरायचं, तर न फाटलेले दोन जोड वेगळे ठेवा.