जुन्या मर्सिडीजचे मागचे बुश बदलताय? बोल्ट फायनल कधी आवळायचे ते आधी बघा

डब्ल्यू१२४, म्हणजे पुण्यात असेंबल झालेली ती नव्वदच्या दशकातली मर्सिडीज, नागपुरात अजूनही जपणारे लोक आहेत. समृद्धीवर शंभरच्या वर लेन बदलली की मागची बाजू उशिरा वळल्यासारखी वाटते, मग लोक टायर बदलतात, शॉकअप बदलतात, आणि शेवटी निघतात बुश, म्हणजे आर्मच्या टोकातले रबराचे सांधे. मागे प्रत्येक चाकाला पाच आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारे दांडे, सगळ्यांत रबर, त्यात आपल्याकडचं ४५ डिग्रीचं ऊन, एवढ्या वर्षांत रबर फाटणारच ना भाऊ.

गाडी उचलायच्या आधी चाकाच्या सेंटरपासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा, दोन्ही बाजूंचं. हे नंतर लागणार आहे. नटांवर रात्रीच जंग सोडवायचा स्प्रे मारून ठेवा.

आता एक नीट ऐका, या गाडीचा पार्किंग ब्रेक मागच्या चाकांना आहे आणि इंजिनची ताकदपण मागेच जाते, म्हणजे मागचा भाग उचलला की ना ब्रेक धरणार ना गिअर. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट (गाडी सरकू नये म्हणून अडकण) लावा, बॉडी घोडींवर (जॅक स्टँडवर) टेका, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचंच नाही.

खालचा जाड आर्म आहे ना ज्यावर स्प्रिंग बसते, त्याचे बोल्ट स्प्रिंग कंप्रेसर लावल्याशिवाय खोलू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतेल. बाकीचे चार पातळ आर्म मात्र खालच्या आर्मला जॅकचा आधार देऊन एक-एक करून बदलता येतात, आधी त्याच्याखालचं प्लास्टिक कव्हर काढून घ्या. एक काढा, नवा घाला, मग दुसरा. सगळे एकदम खोलले तर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, भलतीकडेच फिरतो आणि भोकं जुळवता जुळवता दिवस जातो. बुश ठोकून बसवण्यापेक्षा बुशसकट तयार आर्म घ्या, लेमफॉर्डरचे चांगले, नट मात्र नवेच. टो म्हणजे चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन, तो ज्याने सेट होतो तो एक्सेन्ट्रिक बोल्ट काढण्याआधी त्याच्यावर खूण करा. हबमधला खालचा बुश वेगळा येतो, त्याला पुलरच (बुश ओढून काढायचं अवजार) लागतो, हातोड्याने हबची वाट लागते, त्यामुळे तेवढं काम पुलरवाल्या गॅरेजला द्या. रबराला ग्रीस किंवा डिझेल लावू नका, साबणाचं पाणी पुरे.

आणि आता खरी गोष्ट, जिथे बरेच मेकॅनिक घाई करतात. चाक लटकत असताना बोल्ट फुल टाइट करायचे नाहीत. या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. लटकत्या स्थितीत आवळलं की गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेलंच राहतं आणि नवे बुश लवकर फाटतात, पैसे गेले पाण्यात. म्हणून बोल्ट हलकेच लावून ठेवा, जॅकने हब वर घ्या, सुरुवातीला मोजलेलं अंतर जुळलं की मगच टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. जॅकने उचलताना गाडी घोडीवरून उठायला लागली तर थांबा आणि गाडी पिटवर न्या, तिथे चारही चाकांवर उभी असताना आवळणं सगळ्यात बरं. चाकाचे बोल्ट ११० न्यूटन मीटर.

मग अलाइनमेंट, चारही चाकांचं. पुढचंच करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, मागच्या टोचे आकडे प्रिंटवर मागून घ्या.